प्रयोगशाळेसाठी पेप्टाइड मागवताना : बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या संशोधकांसाठी

पेप्टाइडच्या, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीच्या, कुपीवर ‘१ मिलिग्रॅम, शुद्धता ९८ टक्के’ असं छापलेलं असतं, आणि बहुतेक विद्यार्थी तेवढ्यावरच सगळा हिशेब मांडतात. त्या कुपीत नेमकं पेप्टाइड मात्र अनेकदा पाऊण मिलिग्रॅमच्या आसपासच असतं. विक्रेता फसवत नसतो, दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे असतात. ते कसली मोजमापं आहेत हे आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं, इतकंच. मग निकाल जुळत नाहीत, दोष उंदरांवर, पेशींवर किंवा विद्यार्थ्याच्या हातावर जातो आणि प्रोजेक्टचे महिने वाया जातात.

बेळगावात फार्मसी कॉलेजं आहेत, वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे, नेहरूनगरात आयसीएमआरची पारंपरिक औषधांवरची राष्ट्रीय संस्था आहे. निपाणी-चिकोडीकडेही कॉलेजं वाढली आहेत. पण मोठ्या शहरात असतं तसं शेजारच्या इमारतीत जाऊन मास स्पेक्ट्रम (रेणूंची वजनं दाखवणारा आलेख) काढून घेणं इथं सहज जमत नाही. त्यामुळे मागवण्याआधीचा विचार आपल्याला जास्त करावा लागतो. हा लेख त्या विचारासाठी आहे. सगळीकडे एकच उदाहरण घेतो : ब्रॅडिकायनिन. नऊ अमिनो आम्लांचं हे पेप्टाइड फार्माकॉलॉजीच्या विद्यार्थ्यांच्या ओळखीचं आहे. एकाक्षरी खुणांत त्याचा क्रम आर-पी-पी-जी-एफ-एस-पी-एफ-आर असा लिहितात.

आधी हे समजून घ्या : अशुद्धी येते कुठून

अमिनो आम्लं पेप्टाइड बंधांनी जोडली की साखळी तयार होते. साधारण पन्नासपर्यंतच्या साखळीला पेप्टाइड म्हणायची पद्धत आहे. आज संशोधनासाठी मिळणारी बहुतेक पेप्टाइडं घनाधारावर बनवतात. ब्रूस मेरिफील्ड यांनी ही पद्धत १९६३ साली प्रसिद्ध केली आणि तिच्यासाठी त्यांना १९८४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. रेझिनच्या बारीक मण्याला शेवटचं अमिनो आम्ल बांधायचं आणि तिथून मागे मागे येत एकेक जोडत जायचं. दर जोडणीनंतर मणी धुतले की जादा रसायनं निघून जातात.

अडचण अशी की कुठलीच जोडणी शंभर टक्के होत नाही. दर पायरीला ९९ टक्के यश धरलं तरी वीस अमिनो आम्लांच्या साखळीत बिनचूक रेणू ८३ टक्केच उरतात, चाळीसच्या साखळीत ६८ टक्के. यश ९८ टक्क्यांवर घसरलं, तर चाळीसच्या साखळीत निम्म्याहून कमी, ४५ टक्क्यांच्या आसपास. बाकीच्या रेणूंत कुठलं तरी एक अमिनो आम्ल गळालेलं असतं. ती साखळी दिसायला, विरघळायला, वागायला जवळजवळ मूळ साखळीसारखीच असते, म्हणून ती वेगळी काढणं अवघड जातं.

एक अमिनो आम्ल गळाल्यानं काय बिघडतं, याचं उत्तर ब्रॅडिकायनिनच्याच इतिहासात आहे. १९४९ मध्ये ब्राझीलमध्ये रोशा ए सिल्वा आणि सहकाऱ्यांना हा पदार्थ सापडला. १९६० च्या सुमारास त्याचा क्रम ठरवताना आधी आठच अमिनो आम्लं धरली गेली, सातव्या जागचं प्रोलिन सुटलं. तो आठांचा रेणू बनवला, तर काहीच काम करेना. सुटलेलं प्रोलिन घालून नऊचा बनवल्यावर नैसर्गिक पदार्थासारखा परिणाम दिसला. आपल्या कुपीत असे गळके रेणू दहा-पंधरा टक्के असतील, तर आपण काय मोजतोय हे स्वतःला विचारायला हवं.

पहिली पायरी : शुद्धता प्रयोगावरून ठरवा

सगळ्यांनी ९८ टक्केच मागवावं असं अजिबात नाही. शुद्धतेची शेवटची दोन-तीन टक्के सर्वांत महाग पडतात. सशात किंवा उंदरात प्रतिपिंडं तयार करायची असतील, तर ७० ते ८० टक्के शुद्धता बहुधा पुरते. अनेक पेप्टाइडांतून एखादं निवडायचं असेल, तर पहिल्या चाळणीलाही तेवढी चालते. एलायझामध्ये किंवा वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रतिपिंडांनी प्रथिन ओळखायच्या चाचण्यांत) ब्लॉकिंगसाठी ८० च्या वर घ्या. एन्झाइमची गती, रिसेप्टरशी बांधणी, पेशींवरचा परिणाम किंवा ऑर्गन बाथमधला (जिवंत ऊती टांगायच्या भांड्यातला) डोस-रिस्पॉन्स, म्हणजे जिथं आकडा काढून तो छापायचा आहे, तिथं ९५ च्या खाली जाऊ नये. एनएमआर (रेणूची रचना बघायची पद्धत), स्फटिक किंवा मोजणीसाठी प्रमाण म्हणून लागणारं पेप्टाइड असेल तेव्हाच ९८ चा आग्रह धरा.

आमच्याकडे उलटं घडताना दिसतं. प्रतिपिंडांसाठी ९८ टक्क्यांचा इंडेंट (मागणीपत्र) जातो आणि आयसी-५० (क्रिया निम्म्यावर आणणारी संहती) काढायला ‘स्वस्त मिळालं’ म्हणून क्रूड, म्हणजे शुद्ध न केलेलं, येतं. गाइडनी इंडेंटवर सही करण्याआधी एवढं एक जरूर बघावं.

दुसरी पायरी : क्रम कागदावर तपासा

ऑर्डरआधी अर्धा तास क्रमाकडे बघत बसा. मेथिओनिन, सिस्टीन, ट्रिप्टोफॅन असतील तर ऑक्सिडेशनची भीती. ॲस्परॅजिननंतर लगेच ग्लायसिन आलं तर ॲस्परॅजिन हळूहळू बदलतं. सुरुवातीलाच ग्लूटामिन असेल तर ते वळून पायरोग्लूटामेट होतं. ॲस्पार्टिक आम्लाशेजारी प्रोलिन आलं तर तो बंध आम्लात तुटू शकतो. निम्म्याहून जास्त अमिनो आम्लं पाणी टाळणारी असतील, तर विरघळवताना घाम फुटणार हे गृहीत धरा. क्रम बदलायची मुभा असेल, उदाहरणार्थ प्रथिनातला कुठलाही तुकडा चालणार असेल, तर तुकडा दोन घरं सरकवून घ्या.

टोकांचं काय करायचं हेही आत्ताच ठरवा. मोठ्या प्रथिनाच्या मधल्या तुकड्याची नक्कल हवी असेल, तर पुढच्या टोकाला ॲसिटिल आणि मागच्या टोकाला अमाइड लावून घेतात, कारण प्रथिनात त्या जागी मोकळा विद्युतभार नसतो. ब्रॅडिकायनिनसारख्या पूर्ण संप्रेरकाची टोकं मोकळीच ठेवायची. इंडेंटमध्ये हे लिहिलं नाही, तर विक्रेता आपल्या मनानं ठरवेल.

ब्रॅडिकायनिनमध्ये धोकादायक अमिनो आम्ल एकही नाही. म्हणूनच शिकायला ते चांगलं.

तिसरी पायरी : किती आणि कुठला क्षार

२५ मिलिलिटरच्या ऑर्गन बाथमध्ये १ मायक्रोमोलरपर्यंत जायचं तर २५ नॅनोमोल लागतात. ब्रॅडिकायनिनचा रेणुभार १०६०.२, म्हणजे एका पूर्ण डोस-रिस्पॉन्स वक्राला साधारण साडेसव्वीस मायक्रोग्रॅम. एका मिलिग्रॅमच्या कुपीत ०.७२ मिलिग्रॅम खरं पेप्टाइड असेल, तर असे सत्तावीस वक्र निघतात. तरीही दहा मिलिग्रॅमची एकच कुपी मागवली जाते, ती पंचवीस वेळा उघडली जाते आणि खराब होते. पाच मिलिग्रॅम हवं असेल तर एकेका मिलिग्रॅमच्या पाच कुप्या मागा. भरणावळ थोडी जास्त पडते, पण ती वसूल होते.

क्षाराचा मुद्दा फार कमी लोक विचारात घेतात. साखळी रेझिनवरून तोडायला आणि नंतर शुद्ध करायला ट्रायफ्लुरोॲसिटिक आम्ल, म्हणजे टीएफए वापरतात, आणि ते पेप्टाइडच्या प्रत्येक आम्लारीधर्मी गटाला चिकटून बसतं. ब्रॅडिकायनिनमध्ये असे तीन गट आहेत : दोन आर्जिनिन आणि पुढचं मोकळं टोक. दर टीएफएचं वजन ११४, तिघांचं ३४२. म्हणजे पाणी अजिबात नाही असं धरलं, तरी पावडरीत पेप्टाइड ७६ टक्क्यांच्या आतच. शिवाय टीएफए पेशींनाही त्रासदायक ठरू शकतं. पेशी किंवा जिवंत ऊती असतील तर ॲसिटेट क्षार मागा. ॲसिटिक आम्ल ६० वजनाचं असल्यामुळे पेप्टाइडचा वाटाही ८५ टक्क्यांपर्यंत जातो. एलायझाला टीएफए क्षार चालतो, उगाच पैसे घालू नका.

पेशींवर काम असेल तर एंडोटॉक्सिनची चाचणीही मागा. जिवाणूंच्या आवरणातला हा पदार्थ एचपीएलसीच्या (मिश्रणातले पदार्थ वेगळे करून मोजायच्या पद्धतीच्या) आलेखात दिसत नाही, पण मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, त्याला लगेच दाद देतात, आणि विद्यार्थ्याला वाटतं आपलं पेप्टाइडच काम करतंय.

चौथी पायरी : विक्रेता निवडणं

आधी कॅटलॉग बघा. ब्रॅडिकायनिनसारखी प्रसिद्ध पेप्टाइडं मोठ्या रसायन कंपन्यांकडे तयार मिळतात. तीच बनवून घेणं म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही वाया. क्रम आपला स्वतःचा असेल तेव्हाच बनवून घ्यावं लागतं. त्याला साधारण दोन ते चार आठवडे जातात, लांब किंवा अवघड साखळीला जास्त. परदेशातून येणार असेल तर कस्टम्सचे दिवस वेगळे धरा.

आपण सीमेवर असल्यानं कोल्हापूर-पुण्याचा वितरकही चालतो आणि बेंगळूर-हुबळीचाही. बेंगळूरच्या बिलावर सीजीएसटी-एसजीएसटी लागतो, महाराष्ट्रातल्या बिलावर आयजीएसटी. कराचा एकूण दर तोच, त्यामुळे कोटेशनची तुलना करताना कर धरून आलेला आकडाच बघा, आणि वाहतूक, कस्टम्स, थंड पॅकिंग त्यात आहे का हे लेखी घ्या. अकाउंट्सवाल्यांना कोटेशन सुरुवातीलाच दाखवलं तर फाइल परत येत नाही. सीमेवरून कोल्हापूरच्या बाजूनं पार्सल गाडीत घालून मागवायची इथं सवय आहे. वातावरण तापलं की दोन्हीकडच्या बसगाड्या थांबतात हे आपण सगळे पाहतो, म्हणून पेप्टाइड कुरिअरनंच मागवा आणि ते सोमवारी किंवा मंगळवारी निघेल असं सांगा. शुक्रवारी निघालेला बॉक्स रविवारी कुठल्या तरी गोदामात पडून राहतो.

कोटेशन मागवतानाच विक्रेत्याला हे लेखी विचारा : आमच्याच लॉटचा एचपीएलसी आलेख आणि मास स्पेक्ट्रम मिळेल का? वजन एकूण पावडरीचं की निव्वळ पेप्टाइडचं? निव्वळ पेप्टाइडचं प्रमाण मोजून देणार का, आणि कुठल्या पद्धतीनं? क्षार कुठला? निकषात बसलं नाही तर पुन्हा बनवून देणार का, आणि तक्रारीला मुदत किती? चांगला विक्रेता दोन दिवसांत सरळ उत्तरं देतो. ‘९९ टक्के गॅरंटी सर’ एवढंच उत्तर आलं तर दुसरा बघा.

इथं एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. इंटरनेटवर अशी कित्येक दुकानं आहेत जी ‘फक्त संशोधनासाठी’ अशी चिठ्ठी लावून पेप्टाइड विकतात आणि त्याच पानावर सुई, इंजेक्शनचं पाणी आणि आठवड्याचा डोसही देतात. हे संशोधनाचे पुरवठादार नव्हेत. बेळगाव ही तालमींची आणि कुस्तीची भूमी, जिमही गल्लोगल्ली झाल्यात, त्यामुळे दुखापत लवकर भरून येईल म्हणून ‘सर, तुमच्या लॅबमधून मिळेल का?’ असं विचारत पोरं येतात. त्यांना नाही म्हणा, आणि का ते सांगा. लॅबच्या पेप्टाइडची निर्जंतुकता, एंडोटॉक्सिन, जड धातू यांपैकी काहीही माणसाच्या शरीरासाठी तपासलेलं नसतं. बीपीसी-१५७ हे त्यांच्यात सर्वांत बोललं जाणारं नाव. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत ते २०२२ पासून नावानिशी आहे, म्हणजे स्पर्धेत उतरणाऱ्या मल्लाचं करिअरही धोक्यात. लॅबच्या रजिस्टरमध्ये प्रत्येक कुपीची नोंद आणि फ्रीजरला कुलूप, हे या कारणासाठीही हवं.

प्राण्यांवर काम असेल तर संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी हातात आल्यावरच ऑर्डर द्या. मंजुरी लांबली की पेप्टाइड फ्रीजरमध्ये म्हातारं होतं.

पाचवी पायरी : विश्लेषण प्रमाणपत्र वाचणं

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. प्रमाणपत्रावर लॉट नंबर, तारीख आणि कुपीवरचा लॉट नंबर जुळतो का ते आधी पाहा. मग एचपीएलसीचा आलेख. तरंगलांबी २१४ किंवा २२० नॅनोमीटर असायला हवी, कारण पेप्टाइड बंध तिथं शोषण करतो. २८० वर काढलेला आलेख फक्त ट्रिप्टोफॅन आणि टायरोसिन दाखवतो. ब्रॅडिकायनिनमध्ये ही दोन्ही नाहीत, तिथं २८० चा आलेख निरुपयोगी. स्तंभ कुठला, ग्रेडियंट (द्रावकाचं बदलत जाणारं प्रमाण) कसा, किती मिनिटांचा, हे लिहिलेलं असावं. पाच मिनिटांत उरकलेल्या तीव्र ग्रेडियंटमध्ये गळके रेणू मुख्य शिखराखाली लपतात. शिखराच्या खांद्याकडे बघा : एका बाजूला फुगवटा असेल तर तिथं दुसरं काहीतरी आहे. आलेख मुख्य शिखराच्या आजूबाजूलाच कापलेला असेल तर पूर्ण मागा.

एवढं करूनही एचपीएलसीची ९८ टक्के शुद्धता काय सांगते? प्रकाश शोषणाऱ्या पदार्थांपैकी ९८ टक्के एका शिखरात आहेत, इतकंच. पाणी, टीएफए, क्षार या आकड्यात मोजलेच जात नाहीत. शुद्धता आणि निव्वळ पेप्टाइडचं प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरा आकडा अमिनो आम्ल विश्लेषणानं किंवा नायट्रोजनच्या प्रमाणावरून निघतो, आणि तो बहुधा ६० ते ९० टक्क्यांच्या दरम्यान असतो.

मास स्पेक्ट्रममध्ये ब्रॅडिकायनिनचं शिखर १०६०.५७ ला हवं, दोन प्रोटॉन घेतलेलं ५३०.७९ ला. २२ नं पुढं छोटं शिखर दिसलं तर सोडियम, घाबरू नका. १६ नं पुढं म्हणजे ऑक्सिडेशन. या क्रमात ते होऊ नये, म्हणून दिसलं तर चौकशी करा. २५२ नं पुढं असेल तर आर्जिनिनवरचं संरक्षक आवरण नीट निघालेलं नाही. आणि ९६३.५ ला शिखर असेल तर एक प्रोलिन गळालंय, म्हणजे वर सांगितलेला तो काम न करणारा रेणू तुमच्या कुपीत असू शकतो. वजनावरून प्रोलिन तीनपैकी कुठलं गळालं हे मात्र कळत नाही. ल्यूसिन आणि आयसोल्यूसिनची अदलाबदल, किंवा अमिनो आम्ल उलट्या हाताचं (आरशातल्या प्रतिमेसारखं) होणं, हेही मास स्पेक्ट्रमला दिसत नाही.

दोन वेगवेगळ्या लॉटच्या प्रमाणपत्रांवर आलेख रेघान्‌रेघ सारखा दिसला, तर तो त्या लॉटचा नव्हे. माल परत पाठवा.

सहावी पायरी : पावसाळा आणि फ्रीजर

पेप्टाइड कोरडी पावडर म्हणून येतं. दोन-चार दिवस साध्या तापमानात प्रवास झाला म्हणून ते सहसा बिघडत नाही. बर्फ वितळलेला दिसला तरी बॉक्स नाकारायची घाई नको. खरा शत्रू ओल. जून ते सप्टेंबर बेळगाव-खानापूर पट्ट्यात हवा इतकी दमट असते की उणे २० अंशांवरून काढलेली कुपी लगेच उघडली, तर आत दव धरतं आणि पावडर डोळ्यांदेखत चिकट होते. कुपी सिलिका जेलच्या बंद डब्यात ठेवून तासभर खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच उघडा. त्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये थोडी फिरवा, कारण पावडर बुचाला चिकटलेली असते आणि कुपी रिकामी आली अशी तक्रार कित्येकदा त्यामुळेच होते.

साठवण उणे २० अंशांवर, डबा सिलिका जेलसह. बर्फ आपोआप वितळवणारा घरगुती फ्रीजर वापरू नका, तो रोज गरम-थंड होतो. वीज जाणं इथं नवं नाही, म्हणून किमान-कमाल दाखवणारा थर्मामीटर आत ठेवा आणि सोमवारी सकाळी पहिलं काम म्हणून तो वाचा. कुप्या थर्मोकोलच्या पेटीत जेल पॅकसोबत ठेवल्या तर काही तासांची वीजकपात निभावते.

सातवी पायरी : विरघळवणं आणि हिशेब

आधी विद्युतभार मोजा. लायसिन, आर्जिनिन, हिस्टिडिन आणि पुढचं टोक प्रत्येकी अधिक एक. ॲस्पार्टिक, ग्लूटामिक आम्लं आणि मागचं टोक प्रत्येकी उणे एक. ब्रॅडिकायनिन अधिक दोन, पाण्यात सहज जातं. अधिक भाराचं पेप्टाइड अडलं तर थोडं विरळ ॲसिटिक आम्ल, उणे भाराचं अडलं तर विरळ अमोनियम बायकार्बोनेट. पाणी टाळणाऱ्याला आधी थोड्याशा डीएमएसओ या सेंद्रिय द्रावकात पूर्ण विरघळवा, मग ढवळत थेंबाथेंबानं बफरमध्ये सोडा. मेथिओनिन किंवा सिस्टीन असेल तर डीएमएसओ टाळा, डीएमएफ हा दुसरा द्रावक वापरा. आधी चिमूटभरावर करून बघा.

आता हिशेब. कुपीवर १ मिलिग्रॅम, निव्वळ प्रमाण ७२ टक्के, शुद्धता ९७ टक्के. खरं ब्रॅडिकायनिन ०.७२ गुणिले ०.९७, म्हणजे सुमारे ०.७० मिलिग्रॅम, ०.६६ मायक्रोमोल. १ मिलिमोलर द्रावणासाठी ६५९ मायक्रोलिटर पाणी. लेबलवरच्या एका मिलिग्रॅमवरून हिशेब केला असता तर ९४३ मायक्रोलिटर घातलं असतं आणि द्रावण प्रत्यक्षात ०.७ मिलिमोलर झालं असतं. सगळे ईसी-५० (निम्मा परिणाम देणाऱ्या संहतीचे आकडे) तेवढ्यानं चुकले असते. विद्यार्थ्यांनो, हा गुणाकार वहीत लिहून मगच पिपेट उचला.

एक मिलिग्रॅम पावडर वजनकाट्यावर काढून घ्यायचा प्रयत्न करू नका. पूर्ण कुपीच विरघळवा, कमी चिकटणाऱ्या प्लास्टिकच्या नळ्यांत एकेका प्रयोगापुरते भाग करा, नळीवर तारीख-लॉट-संहती लिहा आणि गोठवा. उरलेलं पुन्हा गोठवू नका, टाकून द्या.

निकाल पटला नाही तर

आधी स्वतंत्र तपासणी. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात ‘सैफ’ म्हणून ओळखली जाणारी उपकरण केंद्रं आहेत. एक दक्षिणेला, एक उत्तरेला, दोन्हीकडे सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. देशभरातली उपकरणं आय-स्टेम पोर्टलवरही शोधता येतात. कुठलं यंत्र चालू आहे, पेप्टाइडचा नमुना घेतात का, किती लागतो, हे फोनवर विचारून मगच निघा. म्हणूनच पाच कुप्यांपैकी एक न उघडता राखून ठेवायची. विक्रेत्याकडे तक्रार करताना उघडलेल्या कुपीचा निकाल कुणी मानत नाही; सीलबंद कुपी, तिचा लॉट नंबर, सैफचा अहवाल आणि मुदतीच्या आत पाठवलेला ईमेल या चार गोष्टी जोडल्या की बहुतेक विक्रेते पेप्टाइड पुन्हा बनवून देतात.